चंदूच्या हँगरपर्यंत

२ ऑगस्ट, शनिवार

नियम एक: या डायरीत उपमा बंद. मागच्या कादंबरीत दर ओळीला एक होती. संपादक बाईंनी हस्तलिखित परत पाठवताना लिहिलं, भाषा छान आहे, पण घडत काहीच नाही. ठीक. आता फक्त घडलेलं लिहायचं.

घडलेलं: उज्ज्वलदादानं आज सांगितलं, पुढच्या महिन्यात विमान घेऊन चंदूच्या हँगरला जायचं. उजव्या सीटवर मी.

मी इतक्या जोरात ‘काय?’ म्हणाले की शेजारच्या टेबलावरचे अंकल कॉफी प्यायचे थांबले.

दादा माझा सख्खा भाऊ नाही. चिपच्या कंपनीत इंजिनियर आहे, इथेच सिंगापुरात, पुंगोलला, माझ्या भाड्याच्या खोलीपासून दोन ब्लॉक सोडून राहतो. तीन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात भेटलो. मी सिंगापूरला नवीन होते, जेवणाच्या रांगेत कुणाशी काय बोलावं कळत नव्हतं. त्यानं जय भीम घातला, माझे हात बघितले आणि विचारलं, तुझा हात खांद्यापर्यंत एखाद्या अरुंद भोकात जाईल का? मला वाटलं, सरकलेला आहे. मग कळलं की तो सेरंगूनकडे कारखान्यांच्या एका बिल्डिंगमध्ये गाळा भाड्यानं घेऊन दोन सीटचं विमान बांधतोय आणि त्याला बार धरायला कुणीतरी बारीक माणूस हवाय.

बार धरणं म्हणजे असं. पत्र्याला रिव्हेट मारताना एक जण बाहेरून गन चालवतो, दुसरा आतून रिव्हेटच्या मागे लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. बाहेरच्यानं विचारायचं ‘रेडी?’ आणि आतून ‘रेडी’ आल्याशिवाय गन चालवायची नाही. दोन वर्षं शनिवारच्या शनिवार मी विमानाच्या शेपटीत पालथी पडून ‘रेडी’ म्हणत होते. नंतर जेवण त्यांच्या घरी, राणी वहिनींच्या हातचा पातोडीचा रस्सा.

असल्या घरी बांधलेल्या विमानाला सिंगापुरात जागा नाही. म्हणून ते तुकड्यातुकड्यांनी ट्रकमधून पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरला नेलं, तिथल्या एका छोट्या धावपट्टीवर जोडलं. गेल्या वर्षी उडालं. मी पण बसलेय. पण आजवर नुसत्या धावपट्टीभोवती चकरा. अजून कुठे ‘गेलेलं’ नाही.

चंदू म्हणजे चंद्रशेखर, दादाचा जुना मित्र. इथे बँकेत होता, ते सोडून मलेशियात वर किनाऱ्यावरच्या एका लहानशा विमानतळावर हँगर घेऊन बसलाय. दर फोनला दादाला चिडवतो की उज्ज्या, तुझा पत्र्याचा डबा माझ्या दारात उतरेल तेव्हा मी त्याला विमान म्हणेन.

मी वहिनींना म्हटलं, खरं तर ही सीट तुमची. त्या म्हणाल्या, आम्ही दोघांनी एकत्र बसायचं नाही असं ठरलंय, चैत्रालीसाठी. चैत्राली म्हणजे त्यांची सात वर्षांची मुलगी. आईबापांचे कायदे वेगळेच असतात.

मला पुस्तक मिळणार. हेही लिहून ठेवते, उगाच साधेपणाचा आव नको.

९ ऑगस्ट

नॅशनल डे. सगळं पुंगोल पाण्याकाठी उभं, हातात झेंडे. परेडची लढाऊ विमानं आमच्या डोक्यावरून गेली. सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या, दादाची नाही. तो जरा डावीकडे, रिकाम्या आभाळाकडे तोंड करून नुसता ऐकत होता. विमानं दिसेनाशी झाल्यावर म्हणाला, मस्त.

खरे वैमानिक आवाजच ऐकत असतील. आपण बघे.

१६ ऑगस्ट

आज त्यांच्या हॉलमध्ये सराव. दादानं जेवणाच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी लावल्या, समोर भिंतीवर कॉकपिटचा मोठा फोटो. डावीकडे तो, उजवीकडे मी. मी काटे आणि आकडे मोठ्यांदा वाचायचे: स्पीड, उंची, तेलाचं प्रेशर, रेडिओवरचा नंबर. त्यानं प्रत्येकावर बोट ठेवून तेच परत म्हणायचं. मोठ्या विमानांत असंच करतात म्हणे, एक वाचतो, दुसरा करतो, कारण एकट्या माणसाच्या नजरेवर विसंबायचं नसतं.

मला हे भयंकर आवडलं. दोन आवाज, एक वाक्य. यावर एक अख्खं प्रकरण होईल, निवेदन नाही, नुसतं वाचणं आणि उत्तर.

चैत्राली सोफ्यावर लोळत बघत होती. इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, ‘पापा ऑल्वेज लाइक दॅट वन ला. बस कमिंग ऑल्सो मस्ट आस्क मी व्हॉट नंबर.’

वहिनी तिला एकदम ओरडल्या, आत जा, होमवर्क कर. पोरीनं काय केलं होतं कुणास ठाऊक.

जेवताना वहिनींनी विचारलं, ‘तुला चष्मा नाही ना गं? कधी तपासलेस डोळे?’ मी म्हटलं, ऑफिसच्या तपासणीत एकदम ओके आले. त्यांनी मला न विचारता आणखी एक पोळी वाढली.

१९ ऑगस्ट

आईचा अकोल्याहून फोन. बाबा गेल्यापासून ती रोज दुपारी करते, माझ्या लंच ब्रेकला. विमानाचं सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर बसनं मलेशियाला जातेय म्हटलं. ती म्हणाली, खिडकीशी बस, तुला मळमळतं.

आज दिवसभर एका अॅपमधल्या बटणावर ‘प्रोसीड’ लिहायचं की ‘कंटिन्यू’ यावर मीटिंग. असले शब्द लिहिणं हीच माझी नोकरी. मी दोन्हीच्या बाजूनं बोलले.

२३ ऑगस्ट

जोहोरला जाऊन सराव. हल्ली दादा गाडी काढत नाही, बसनंच जायचं. पुलावर गाडीत अडकण्यापेक्षा बस बरी, म्हणतो. पटलं.

तीन वेळा उडालो, तीन वेळा उतरलो. मी स्पीड वाचत होते. पासष्ट, बासष्ट, साठ. तो शांतपणे प्रत्येक आकड्याला हुंकार देत होता आणि चाकं कधी टेकली कळलं नाही. खाली आल्यावर मला म्हणाला, तुझा आवाज चांगला आहे, घाबरत नाही.

घाबरते. त्याला सांगितलं नाही. विमानाच्या पोटात मी स्वतः धरलेला प्रत्येक रिव्हेट मला माहीत आहे, आणि जे तीन-चार वाकडे बसले तेही. ते आम्ही काढून परत मारले होते, तरी.

आणखी एक. त्यानं मला घड्याळानं दिशा सांगायला शिकवलं. नाक म्हणजे बारा, उजवा पंख तीन, डावा नऊ. आभाळात काहीही दिसलं, पक्षी, विमान, टॉवर, तरी लगेच बोलायचं. ‘मला आधीच दिसलं असेल असं समजून गप्प बसू नकोस.’ किती नम्र माणूस.

३० ऑगस्ट

पाऊस, सराव रद्द. वहिनींनी बोलावलं. दादा घरी नव्हता. त्यांनी स्वतः माझी परीक्षा घेतली. फोटोवर पटापट बोट ठेवायच्या, हे काय, किती असलं तर घाबरायचं, इंजिन बंद पडलं तर तू काय वाचशील. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही दादापेक्षा कडक आहात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अजून एकदा.

मला बरं वाटलं. आईनंतर इतक्या मनापासून माझा अभ्यास कुणी घेतलेला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी वहिनी बसस्टॉपपर्यंत आल्या. चैत्राली शाळेच्या कार्यक्रमाला. वहिनींनी दादाला डबा दिला आणि मला मिठी मारली. बराच वेळ. दादाला नाही. माझ्या ते लक्षात आलं आणि मी आतून फुलले, हेही लिहिते.

जोहोरच्या धावपट्टीवर हवा स्वच्छ. मी वाचलं, त्यानं हात लावला, उत्तर दिलं. उडालो. खाली पामची झाडं, सरळ रेषांत, मैलोनमैल. मग उजव्या हाताला समुद्र. मी उंची वाचत होते, स्पीड वाचत होते, नकाशावरची गावं वाचत होते. मधे बोलायला काही नसलं की तो म्हणायचा, ‘परत वाच.’ मी परत वाचायचे.

अर्ध्या वाटेवर समोर एक ठिपका. आधी मला काचेवरचा डाग वाटला. मग तो मोठा झाला. मी म्हटलं, ‘बारा वाजता ठिपका, आपल्याच उंचीवर.’ दादानं मान वर केली नाही, शोधलं नाही, ‘कुठे’ विचारलं नाही. सरळ विमान उजवीकडे वळवलं. काही क्षणांनी डाव्या बाजूनं एक पांढरं विमान गेलं, त्याच्या शेपटीवरचे आकडे मला वाचता आले इतक्या जवळून.

‘गेलं?’ दादानं विचारलं.

‘गेलं.’

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायलाच हवं. वाटलं, माझ्या एका शब्दावर हा माणूस वळला. माझ्यावर एवढा विश्वास आजवर कुणी ठेवला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून मी पुढचा आकडा वाचला.

उतरलो. छान उतरलो. चंदूकाका (चैत्राली काका म्हणते, म्हणून मीही) हँगरच्या दारात हाफपँटमध्ये उभे, दोन्ही हात कमरेवर. विमानाभोवती एक फेरी मारली, पंखावर टिचकी मारली आणि म्हणाले, ‘बरं बाबा, विमान.’ दादानं त्यांना उचललंच. मी शेपटीवर हात ठेवून उभी होते. काकांनी स्वतः चहा केला, आलं घालून, कंडेन्स्ड मिल्कचा, तीन वेगवेगळ्या मगांत. हँगरात त्यांचं स्वतःचं विमान, एक पलंग, एक पंखा, एक सायकल. मला वाटलं, माणसानं असं राहावं.

मग त्यांनी मला विचारलं, मजा आली का, की नुसतीच बसली होतीस? मला राग आला. मी म्हटलं, बसले कशी असेन, सगळं वाचलं मी. आणि अभिमानानं सांगत गेले, आमची पद्धत, एक आवाज वाचणारा, एक आवाज करणारा, सगळे काटे, रेडिओचे नंबर, उतरतानाचा स्पीड.

काका हसायला लागले. ‘अरे, दोन सीटच्या विमानात कोण वाचून दाखवतं? एअरलाइन काढलीस का उज्ज्या?’

दादा हसला नाही.

काकांचं हसू गेलं. मला विचारलं, ‘उतरतानाचा स्पीडही तूच वाचलास? शेवटपर्यंत?’

मी हो म्हटलं. ठिपक्याचंही सांगितलं. का सांगितलं माहीत नाही, कौतुक हवं होतं बहुतेक.

काकांनी चहाचा मग खाली ठेवला. हँगरच्या दारावर हातभर उंचीची लाल अक्षरं रंगवलेली होती, सिगरेट ओढू नका अशी. तिकडे बोट करून म्हणाले, ‘उज्ज्वल, ते काय लिहिलंय?’

‘चंदू, जाऊ दे.’

‘वाच.’

‘मधला भाग जातो,’ दादा म्हणाला. ‘राखाडी डाग येतो मधे. कडेचं सगळं दिसतं. उतरायला कडेचंच लागतं, तुला माहीत आहे.’

मे महिन्यात वैमानिकाच्या मेडिकलमध्ये नापास झाला तो. दोन्ही डोळे. डॉक्टर म्हणाले, डाग काही महिन्यांत उतरेल, किंवा नाही उतरणार. त्याला उडायची परवानगीच नव्हती, आजही नाही, तेविसालाही नव्हती. तो हे सगळं काकांना सांगत होता. माझ्याकडे तोंडही करत नव्हता. त्याला वाटलं, डाग उतरला नाही तर विमान जन्मभर चकराच मारत राहील. एकदा इथवर यायचं होतं. एवढंच.

काकांनी त्याच्या खिशातून विमानाची चावी काढून घेतली. तो लहान मुलासारखा उभा राहिला. (उपमा. असू दे.) काका म्हणाले, ‘स्वतः मेला असतास तर मी रडलो असतो. हिला न सांगता आणलंस, याचं मी काय करू?’

मी एकच विचारलं. ‘वहिनींना माहीत आहे?’

आता तो माझ्याकडे वळला. माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत म्हणाला, ‘तीच म्हणाली, जान्हवी बरोबर असेल तर जा.’

७ सप्टेंबर

काकांनी काल मला बसमध्ये बसवून दिलं. दादाला सकाळी पाठवतो म्हणाले. विमान तिथेच राहणार. दादाचे तीन मेसेज, उघडले नाहीत.

बसमध्ये सगळं उलटं चालवून बघितलं. नॅशनल डे. बस नंबर. जास्तीची पोळी. ‘तुझा आवाज चांगला आहे.’ मी प्रत्येक ठिकाणी हजर होते आणि प्रत्येक ठिकाणी मी काहीतरी सुंदर लिहून घेतलं.

सगळ्यात जास्त जळतंय ते हे: त्यानं मेमध्ये येऊन सांगितलं असतं, जान्हवी, मला दिसत नाही, तू माझ्यासाठी बघशील का, तर मी हो म्हटलं असतं. वेडेपणानं, पण हो म्हटलं असतं. दोन वर्षं मी ‘रेडी’ म्हटल्याशिवाय त्यानं एक रिव्हेट मारला नाही. आणि हे मात्र विचारलं नाही.

१० सप्टेंबर

राणी वहिनी आल्या. माझ्या ब्लॉकखालच्या दगडी बाकावर बसून होत्या, ऑफिसमधून येताना दिसल्या. मांडीवर डबा. मी डबा घेतला नाही. त्यांनी तो आमच्या दोघींच्या मधे ठेवला.

म्हणाल्या, ओरड माझ्यावर. मला ओरडता आलं नाही. मग त्या बोलत राहिल्या. जूनमध्ये त्यांनी विमानाची चावी लपवली होती, त्यानं दुसरी करून घेतली. रोज भांडण. एकटाच जाईन म्हणायचा, आणि गेला असता. ‘मी त्याला थांबवू शकले नाही गं. मग निदान कुणीतरी बघणारं असावं म्हटलं. आणि तू किती नीट वाचतेस. तुझ्यामुळे तो परत आला.’

हे खरं आहे. म्हणूनच ऐकवेना.

मी म्हटलं, ‘डोळे तर तुमचेही चांगले आहेत.’

‘चैत्राली आहे ना. दोघांना काही झालं तर तिचं कोण?’

‘आणि मला काही झालं असतं तर?’

समोर मुलं सायकली फिरवत होती, त्यांनी तिकडे बघितलं. मग अगदी हळू, खोटं न बोलता, म्हणाल्या, ‘खरं सांगू? तुझा विचार त्या बाजूनं केलाच नाही. मला वाटायचं, तू एकटी आहेस. तुझ्यामागे तसं कुणी नाही.’

त्यांना रडू आलं. मला नाही. तीन वर्षं मी त्या घरातली आहे असं समजत होते, त्यांच्या हिशेबात मी कुठे होते ते एका वाक्यात कळलं. सुटी, मोकळी, कुणाचीच नाही.

डबा बाकावरच राहिला. त्या गेल्यावर वर येऊन खिडकीतून बघितलं, सफाईवाल्या बाईंनी उचलून नीट बाजूला ठेवला होता.

११ सप्टेंबर

दादाचा व्हॉइस मेसेज ऐकला. सॉरी आहे. मोठा आहे. शेवटी म्हणतो, तू लिहिणार असशील तर सगळं खरं लिही, माझं नाव टाक. त्याला अजून वाटतंय की प्रश्न लिहिण्याचा आहे.

१२ सप्टेंबर

आज लंचला आईला सगळं सांगितलं. पायऱ्यांवर बसून. बसनं गेले नव्हते इथपासून. ठिपका, लाल अक्षरं, चावी. वहिनींचं ते वाक्य सांगणार नव्हते, पण तेही सांगितलं.

आईच्या मागून आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची आरोळी ऐकू येत होती. मला वाटलं, आता खोटं बोलल्याबद्दल मिळणार. तसं काही नाही. म्हणाली, त्या बाईचा नंबर पाठव.

मी म्हटलं, आई, भांडू नको. ती म्हणाली, मी जिल्हा रुग्णालयात तीस वर्षं नर्स होते, मला भांडायचं असतं तर मी तुझ्या परवानगीनं भांडले नसते. पाठव.

पाठवला. दुपारभर बटणांवरचं एकही वाक्य सुचलं नाही.

संध्याकाळी ट्रेनमधून उतरल्या उतरल्या मीच फोन केला. आई कणीक मळत होती, फोन स्पीकरवर.

‘केलास का फोन?’

‘केला.’

‘काय बोललीस?’

‘काय बोलायचं,’ आई म्हणाली. ‘म्हटलं, मी ललिता. जान्हवीची आई. अकोल्याला असते. तुम्हाला माहीत असावं म्हणून फोन केला. आणि ठेवला.’